गुहेतली हाक

१ मे, शुक्रवार

बुद्धपौर्णिमा. कात्रपच्या विहारात सकाळी वंदना, मग गाणी. पप्पा दरवर्षी एक गाणं म्हणतात. या वर्षी सूर सुरुवातीपासून खाली. पेटीवाल्या काकांनी दोनदा पट्टी दाबून दाखवली. पप्पांनी मान डोलावली आणि आपल्याच सुरात पुढे गेले. दुसऱ्या कडव्याला माईकचा आवाज बारीक झाला. साउंडवाल्याने मुद्दाम केला. मी त्याचा हात पाहिला.

टाळ्या पडल्या. मी तोवर उठून चपलांपाशी जाऊन उभी होते, फोन कानाला लावून. फोन आला नव्हता.

घरी खीर. मालवणचं नक्की झालं. पुढच्या शुक्रवारी निघायचं. पप्पांना बेटं बघायची आहेत: पाण्यातला किल्ला, आणि निवतीच्या पुढे खडकाचं बेट आहे त्याच्या पोटातली गुहा. मोबाईलवर व्हिडिओ बघून ठरवलं. "बायो, समुद्रात दगडाची खोली असते बघ. आत जाता येतं." मला बायो फक्त तेच म्हणतात. गावाकडचं आहे ते. घरात चालतं.

४ मे, सोमवार

कॅम्प ५ मधल्या आमच्या क्लिनिकला महिन्याचं वेळापत्रक लागलं. आमची व्हॅन अंबरनाथ एमआयडीसीतल्या कंपन्यांत जाऊन कामगारांचे कान तपासते. १९ ला पप्पांची कंपनी आहे.

मॅडम म्हणाल्या, "तेरे पापा वहीं हैं ना? घर का आदमी तू मत कर. नितीन कर लेगा." मी ठीक म्हटलं. नियमाने बरोबर आहे.

पण नितीनकडे सगळे पास होतात. तो माणसाला समोर तोंड करून बसवतो, गप्पा मारता येतात म्हणून. हेडफोनमध्ये आवाज सोडताना त्याचं कोपर हलतं. कामगार कोपर बघून हातातलं बटण दाबतात. सगळ्या एमआयडीसीला माहीत आहे. मी खुर्ची पाठमोरी ठेवते. त्यामुळे मला "उलटी खुर्ची मॅडम" म्हणतात. कान गेलेला सापडला की मशीनवरून, फोर्कलिफ्टवरून खाली उतरवतात. ओव्हरटाइम जातो. मग कँटीनमधून माझ्याकडे बघत बसतात.

मी फक्त मोजते. त्यापुढचं माझं काम नाही.

५ मे, मंगळवार

पप्पांना १९ तारखेचं सांगितलं. ते कैऱ्या पुसत होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमच्या गाडीत खुर्ची कुठं तोंड करून असते?"

"कोण टेस्ट घेतंय त्यावर."

"तू?"

"नाही. नितीन."

"बरं." परत कैऱ्या.

हे सगळेच विचारतात. तरी लिहून ठेवतेय.

८ मे, शुक्रवार, मालवण

पहाटे निघालो. कर्जत, खोपोली, पाली, मग गोव्याचा रस्ता. मम्मी पुढे, मी आणि धाकटी प्राची मागे. प्राचीचं एसवायचं संपलं, ती नुसती सुटलीय. गाडीत पप्पांची गाणी इतकी मोठ्याने की काचा थरथरतात.

प्राची: "पप्पा, ही फॅमिली ट्रिप आहे का जयंतीची मिरवणूक?"

पप्पांनी आरशात बघून हसून मान हलवली. आवाज तेवढाच. मम्मीने हात घालून कमी केला. थोड्या वेळाने त्यांनी परत वाढवला.

महाडला तळ्यावर थांबलो. त्या रस्त्याने जाऊन तिथे न थांबणं आमच्यात होत नाही. पप्पांनी ओंजळीत पाणी घेतलं, डोळ्यांना लावलं.

पोलादपूरच्या पुढे मागून ट्रक हॉर्न देत होता. खूप वेळ. पप्पा साइड देईनात. मी म्हटलं, "पप्पा, द्या ना साइड, किती वाजवतोय तो." उत्तर नाही. ट्रकवाला शेवटी बाजूने काढताना काहीतरी बोलला, चांगलं नव्हतं. पप्पांनी त्याला हात दाखवला, ओळखीच्याला दाखवतात तसा.

मी प्राचीला म्हणाले, "यांना ऐकायचंच नसतं."

मम्मीने वळून माझ्याकडे पाहिलं.

उतरलो ते घर चांगलं आहे. माडाखाली खोल्या, मधे अंगण. मालकीणबाईंनी विचारलं, "खंयसून इलात?" पप्पांनी सांगितलं, बदलापूर, एवढ्या मोठ्याने की पलीकडच्या खोलीतून माणसं बाहेर आली. पुण्याचा ग्रुप आहे, पाच जण, कंपनीतले. त्यातला एक कॅमेरावाला. बरा वाटला. मी काय करते विचारलं. म्हटलं, कान मोजते. हसला. पुढचे प्रश्न नीट विचारले, बहुतेक लोक विचारत नाहीत तसे.

तेवढ्यात अंगणाच्या त्या टोकाहून पप्पा, खांद्यावर टॉवेल: "बायोऽ, पाणी तापलंय गं, आंघोळीला जा."

कॅमेरावाला म्हणाला, "बाबा का?"

"हो. गावाकडचे आहेत." आहेत म्हणाले. आहोत नाही.

९ मे, शनिवार

पाण्यातला किल्ला. होडीने गेलो. गाइडच्या भोवती वीसेक माणसं, पुण्याचा ग्रुपही. पप्पा सगळ्यांना बाजूला करत गाइडच्या अगदी समोर जाऊन उभे. तो बोलत चालला की हेही त्याच्या पुढे उलटे चालतात. एका बाईंच्या पायावर पाय पडला. बाई म्हणाल्या, "काका, आम्हीपण पैसे दिलेत." ऐकू आलं नसल्यासारखं केलं पप्पांनी.

मी तटाच्या दुसऱ्या बाजूला गेले. समुद्राचे फोटो काढले. सगळे सारखेच आलेत.

संध्याकाळी होडीवाला ठरला. उद्या गुहा. अष्टमीच्या आसपास पाण्याला ओढ कमी असते, दुपारी ओहोटी, आत चालत जाता येतं म्हणाला. पुण्याचा ग्रुप आणि आम्ही मिळून एकच होडी. प्राचीने जमवलं. मी नको म्हणायला हवं होतं. उलट बरं वाटलं होतं मला.

१० मे, रविवार

क्रमाने लिहिते.

होडी सुटली. पप्पा होडीवाल्याच्या समोर बसले, मम्मी त्यांच्या डाव्या हाताला. होडीवाल्याशी गप्पा. जाळी किती दिवस टिकतात, इंजिन कुठलं. सगळी उत्तरं बरोबर. हे महत्त्वाचं आहे म्हणून लिहिते. ऊन होतं. होडीवाल्याचा चेहरा समोर होता.

बेटाला लागलो. गुहेचं तोंड बुटकं, वाकून जायचं. आत वळण आहे, वळणानंतर उजेड संपतो. आत पाकोळ्यांची घरटी. होडीवाला म्हणाला, "मोबाईलची लाईट लावू नकात. पाकोळे उडतले, पिल्लां पडतली." सगळ्यांनी बंद केल्या. मीही. मी सूचना पाळते.

मम्मी गुडघ्यामुळे होडीतच थांबली. मला म्हणाली, "ह्यांचा हात धर." मी हो म्हटलं.

धरला नाही. कॅमेरावाला माझ्या पुढे होता.

वळणानंतर पूर्ण काळोख. पाकोळ्यांचा किचकिचाट, खालून लाटेचा धप्प धप्प, सगळं भिंतींवरून परत येणारं. मला हे शिकवलेलं आहे. अशा जागी शब्द ओळखू येणं चांगल्या कानालाही जड जातं.

पप्पांनी हाक मारली. "बायो?"

मी म्हटलं, "इथंच आहे." हळू. क्लिनिकमध्ये बोलते त्या आवाजात. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते.

"बायोऽ. कुठं हायस?"

पुण्याच्या कुणीतरी म्हटलं, "काका, इको चेक करताय का?" हशा. दुसऱ्याने हाक मारली, "बायोऽऽ." ती घुमली. परत हशा. कॅमेरावालाही हसला. त्याचं हसू ओळखू आलं.

मग मी बोलले नाही.

त्यांनी अजून एकदा हाक मारली. आधीच्यापेक्षा हळू. त्या आवाजात गंमत नव्हती. तेव्हाच कळलं मला, आत्ता कळलं असं म्हणणं खोटं होईल. तरी बोलले नाही. एक शब्द पुरला असता, नुसता हातही.

ते चालायला लागले, चुकीच्या बाजूला. होडीवाला मागून ओरडला, "काका, थांबा. फुडे पाणी आसा. थांबा." तो जोरात ओरडला. गुहाभर घुमलं. सगळे थांबले. पप्पा थांबले नाहीत.

पाण्यात गेले. कमरेपर्यंतच. पण दगडांना कालवं होती. नडगी सोलली, तळहात कापला. होडीवाल्याने उडी मारून धरलं. लाइटी लागल्या, पाकोळ्या उठल्या. त्या उजेडात पप्पांनी सगळ्यांच्या तोंडाकडे एकेक करून पाहिलं. तोंडाकडे. ओठांकडे.

पप्पा ओठ वाचतात. माझ्यासमोर, माझ्या घरात. हे माझं शिक्षण आहे.

होडीत मम्मीने ओढणीने हात बांधला. होडीवाला म्हणाला, "काका, मी इतको बोंबललंय, तुम्ही चलतास काय?" पप्पा हसले. "मला वाटलं जमीन हाय." प्राची रडत होती, ती गुहेत पुढे होती, तिला काही कळलं नव्हतं. मम्मी माझ्याकडे न बघता म्हणाली, "अंधारात कशाला सोडलंस त्यांना."

पुण्याच्या ग्रुपने बँडेज दिलं, सॉरी म्हणाले. कॅमेरावाला दोनदा म्हणाला. मी "इट्स ओके" म्हटलं. त्यांना माफ करायचा अधिकार मला कुठून आला माहीत नाही.

११ मे, सोमवार

परत निघालो, एक दिवस आधी. सरकारी दवाखान्यात टिटॅनसचं घेतलं. हात बांधलेला, म्हणून मी म्हटलं, मी चालवते. माझ्याकडे लायसन्स आहे, हायवेला कधी चालवलेली नाही. वाटलं होतं वाद घालतील. त्यांनी चावी दिली आणि मागे जाऊन बसले. त्याची जास्त भीती वाटली.

गाडीत गाणी नाहीत. मागे प्राची त्यांच्या डाव्या बाजूला बसून मोबाईलवर फोटो दाखवत होती.

संगमेश्वरला चहा. पप्पा आणि प्राची हात धुवायला गेले. मम्मीला विचारलं, "तुला कधीपासून माहीत आहे?"

"काय?"

"पप्पांचं."

तिने बशीत चहा ओतला. "कंपनीत दळायच्या मशीनवर होते, त्या पल्वरायझरवर, तेव्हापासून. आधी उजवा गेला. म्हणून मी डावीकडनं चालते."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला?" खरंच आश्चर्य वाटलं तिला. "तू कानांचंच शिकलीस ना. मला वाटलं तुला दिसत असेल. तू बोलत नाहीस म्हणजे पप्पांची लाज राखतेस. म्हणून मग मीपण नाही बोलले."

चहा गार झाला. ती म्हणाली, पी.

१३ मे, बुधवार

पप्पा कामावर गेले. लंगडत. सुट्टी घ्या म्हटलं तर म्हणाले, फोर्कलिफ्टला बसूनच काम असतं.

संध्याकाळी ते बेसिनपाशी होते. मी मागे उभं राहून शब्द म्हटले. साधे, क्लिनिकमध्ये वापरतो ते. पाट. साखर. फणस. उजव्या मागून काहीच नाही. डाव्या मागून तिसऱ्या वेळी मान जराशी वळली. हे माप नाही, अंदाज आहे. पण एवढी माणसं तपासल्यावर अंदाज चुकत नाही. डा. मध्यम ते तीव्र. उ. त्याच्याही पलीकडे.

मग लक्षात आलं की मी त्यांच्या पाठीमागे उभी राहून, त्यांना न विचारता, त्यांची परीक्षा घेतेय. पाणी प्यायला आल्यासारखं केलं.

विहारातला खालचा सूर. गाण्यांचा आवाज. ट्रक. गाइडपुढे उलटं चालणं. प्रत्येक वेळी मी तिथे होते आणि प्रत्येक वेळी मला काहीतरी दिसलं. दिसलं ते एवढंच की लोक बघताहेत.

१५ मे, शुक्रवार

क्लिनिकमध्ये नितीन: "तुझ्या पप्पांचं टेन्शन नको घेऊ. मी करतो ना. पाच मिनिटांत पास."

त्याला वाटलं तो चांगलं करतोय. चांगलाच आहे तो.

मी काही बोलले नाही. हल्ली हे मला सहज जमतं.

दिवसभर एकच चित्र. गोडाऊन, फोर्कलिफ्ट मागे घेताना, कुणीतरी पोतं उचलायला वाकलेलं, आणि ते ओरडतंय.

१६ मे, शनिवार

प्राची क्लासला, मम्मी खाली भाजीला. पप्पांच्या नडगीचं ड्रेसिंग मी करते. ते खाटेवर, मी खाली. चेहरा वर करून बोलले, नीट, हळू, ओठ दिसतील असं. त्यांना कळलं मी का तसं बोलतेय. दोघांनाही कळलं. ते अर्धं मिनिट फार वाईट गेलं.

"नितीनच हाय ना मंगळवारी?" पप्पा.

"पप्पा, मागून कुणी आलं तर?"

"आरसे हायत. दोन लावून घेतलेत मी. डोळा चांगलाय माझा."

"आणि कुणी ओरडलं तर?"

त्यांनी नडगी जरा मागे घेतली. मग म्हणाले, "तू कुठं ओरडलीस."

चिकटपट्टी माझ्या हातात होती.

"गुहेत तू माझ्याजवळच होतीस. तुझ्या त्या उन्हाच्या क्रीमचा वास येत होता मला." रागाने नाही. हवा कशी आहे सांगतात तसं. "मी म्हटलं, असंल काहीतरी. पोरं होती ना बरोबरची."

मी पहिल्यांदा उत्तर दिलं होतं. हळू दिलं होतं, पण दिलं होतं. ते त्यांना सांगावं असं वाटलं. सांगितलं नाही. खरं आहे, पण सांगण्यासारखं नाही.

"रिटायरला दीड वर्ष राह्यलंय फक्त," पप्पा म्हणाले. "गेटवर बसवलं तर बसंन. पण सगळे विचारतील, का बसवलं. कंपनीत मला गवई म्हणतात, बायो."

पट्टी लावली. वाकडी लागली. काढून परत लावली तेव्हा केस ओढले गेले.

१७ मे, रविवार

मॅडमना फोन लावला. म्हणायचं होतं: नितीनला सांगा, त्या कंपनीत सगळ्यांना पाठमोरं बसवायचं. एवढंच. पप्पांचं नाव घ्यायची गरज नाही. रिंग जायच्या आधी कापला.

मग परत लावला. मॅडम लग्नात होत्या, मागे बँड. "कल बोल बेटा, कुछ सुनाई नहीं दे रहा."

विहारातून पेटीवाले काका आले होते, पाय बघायला. जाताना जिन्यात मला म्हणाले, "पुढच्या वर्षी कोरसमध्ये घेऊ का त्यांना? एकट्याला जरा..." वाक्य सोडून दिलं. म्हणजे त्यांनाही माहीत होतं. पुढे म्हणाले, "तुझ्याकडची कानाची मशीन लावलीस तर गातील की ते. तू लावशील म्हणून थांबलेत असं वाटलं आम्हाला."

सगळे माझ्यावर सोडून थांबलेत. किती दिवस ते मी मोजत नाही.

१८ मे, सोमवार

मॅडमना समोर बसून सांगितलं. आधी खुर्चीचं. मग पप्पांचंही, सगळं. गुहेचं नाही.

मॅडम चष्मा काढून डोळे चोळत बसल्या. त्यांचे वडीलही शेवटी असेच होते म्हणाल्या, दुकानात गिऱ्हाईक काय मागतंय ते कळायचं नाही, काहीही काढून द्यायचे. मग म्हणाल्या, "देख. रूल मैंने ही बोला था, घर का आदमी नहीं. पर नितीन के पास बिठाएगी तो तेरे को मालूम है क्या होगा. तू बोल. कल सुबह तक बोल. और मशीन का नाप ले ले उनका, वो तो किसी भी हाल में लगेगा."

नितीनने ऐकलं असावं. जेवताना डबा घेऊन दुसऱ्या टेबलाला बसला.

घरी आले. पप्पांनी युनिफॉर्म स्वतः इस्त्री केला होता, बांधलेल्या हाताने. कॉलरला सुरकुती राहिली होती. मी परत इस्त्री फिरवली. ते समोर येऊन उभे राहिले, माझं तोंड दिसेल असे.

सांगितलं. की मी मॅडमशी बोलले. की खुर्ची उद्या कुठल्या बाजूला असेल ते मला ठरवायचंय. की मशीन लावायचंच आहे, काहीही झालं तरी.

त्यांनी सगळं पाहिलं. ऐकलं म्हणणार होते.

"मशीन दिसतं का गं बाहेरून?"

"थोडं."

"हं." शर्ट हातातून घेतला. "तू बसशील का तिथं? नितीनच्या जागी."

का, ते विचारलं नाही. मी बसले तर सोडेन म्हणून की मोजेन म्हणून. विचारायला हवं होतं. चेहऱ्यावरून कळलं नाही. ओठांवरून कळायला मला शिकावं लागेल.

१९ मे, मंगळवार, सकाळ

व्हॅन नऊला कंपनीच्या गेटवर. पप्पा म्हणाले, माझ्याच बाइकवर चल.

मॅडमना अजून मेसेज केलेला नाही. टाइप केलाय.

मी चप्पल घालत होते. ते आधीच खाली उतरले होते. सोसायटीच्या गेटपाशी दूधवाला, दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी, शाळेच्या रिक्षाला थांबलेली मुलं आणि त्यांच्या आया. पप्पांनी बाइक चालू केली आणि वर बघून हाक मारली, सगळ्या आवारात ऐकू जाईल अशी.

"बायोऽ. येतेस ना?"

गॅलरीत गेले. कठड्याला धरून पुढे वाकले, त्यांना तोंड दिसेल इतकी. बाइकचा आवाज होता.

"आले, पप्पा."

त्यांनी कानामागे हात नेला. सगळ्यांसमोर. असं ते कधी करत नाहीत.

मग मी ओरडले. "आले, पप्पाऽ. इथंच आहे मी."

वहिनींनी वर पाहिलं. मुलं हसली. पप्पांनी हात वर केला.

वही बंद करतेय, ते खाली थांबलेत. खुर्चीचं आल्यावर लिहीन.